चेक बाउन्स झाल्यानंतर कोर्टापर्यंत: माझा अनुभव

उसने दिलेले पैसे मागितल्यावर ओळखीतल्या एकाने चेक दिला. बँकेने तो ‘अपुरी शिल्लक’ म्हणून मेमोसह, म्हणजे कारण लिहिलेल्या चिठ्ठीसह, परत पाठवला. ही सरळ फसवणूक आहे असं धरून मी पोलीस ठाणं गाठलं. तिथे उत्तर मिळालं, "हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, कोर्टात जा."

वकिलांनी रकमेआधी तारखा विचारल्या. पैसे कधी दिले, चेकवर कोणती तारीख आहे, मेमो कधी हाती आला. मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. वसुलीसाठी दिवाणी दावा. त्याची मुदत 3 वर्षं. आणि चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या चेकसंबंधीच्या कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात. मात्र फौजदारी चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. ही तक्रार पोलिसांकडे नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करायची, तीही आपलं खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीत.

मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत आम्ही लेखी नोटीस पाठवली. ती मिळताच त्याचा फोन आला, "एक पैसा देणार नाही." मी म्हटलं, आता थांबायचं कशाला? वकील हलले नाहीत. नोटीस पोहोचल्यावर पैसे भरायला 15 दिवस मिळतात आणि ते उलटण्याआधी केलेली तक्रार ही तक्रारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवलंय. पोस्टाच्या पोहोचेवरचा शिक्का पुसट होता, म्हणून त्यांनी ट्रॅकिंगची प्रत काढली, तारखेखाली पेनाने रेघ मारली आणि तिथून दिवस मोजले. ते 15 दिवस उलटल्यावर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. इथे उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीचे 30 दिवस हुकले तर ती सोय नाही. बाजू खरी असलेला माणूस अशा तारखांपायी हरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेमो हाती येईल त्याच दिवशी वकील गाठा.

समन्स निघाल्यावर तो बोलणीला आला. प्रकरण लोक अदालतीत हप्त्यांवर मिटलं. त्या निवाड्यावर अपील नाही, आणि हप्ता थकला तर दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे त्याची वसुली करता येते.