जुन्या एअर रायफलींचे साल शोधताना: आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेची सुरुवात जुन्या एअर रायफलींच्या दुरुस्तीने झाली. झिजलेला चामड्याचा वॉशर बदलणे, थकलेली स्प्रिंग काढून नवी बसवणे, दस्त्याच्या लाकडाला तेल देणे, एवढेच काम मी आणि माझा धाकटा भाऊ करीत होतो. मात्र रायफल परत नेताना जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारी, ‘ही कोणत्या सालची असेल?’ मॉडेल नेमके ओळखण्याची गरज आम्हालाही होती, कारण एकाच नावाच्या रायफलीत कालांतराने सुटे भाग बदललेले असतात आणि चुकीचा भाग मागवला की तो बसत नाही. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक रायफलीवरील अक्षरे, आकडे व शिक्के आम्ही जसेच्या तसे वहीत उतरवू लागलो. ओळख आणि कालनिश्चितीचा लेखी अहवाल देण्याचे आमचे आजचे मुख्य काम त्याच वह्यांतून उभे राहिले.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिने कामाची पद्धतच बदलली. एका बीएसए रायफलीचा क्रमांक लिहून घेताना आकड्यांच्या आधीचे अक्षर मी गाळले. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या पेटंटनुसार, नळीखालचा दांडा ओढून स्प्रिंग ताणण्याच्या रायफली १९०५ पासून बनवल्या. पुढे निरनिराळ्या मॉडेलांसाठी क्रमांकांच्या स्वतंत्र मालिका चालवल्या गेल्या आणि त्या ओळखू याव्यात म्हणून आकड्यांपूर्वी अक्षरे आली. त्यामुळे तोच आकडा दोन वेगळ्या काळांतील रायफलींवर असू शकतो, आणि अक्षर गाळल्यावर आपण भलत्याच मालिकेत जाऊन पोहोचतो. माझ्या अहवालातील साल असेच चुकले होते. आम्ही शुल्क परत केले, नवा अहवाल लिहून दिला आणि त्या दिवसापासून क्रमांक एकाने वाचायचा व दुसऱ्याने ताडून पाहायचा, हा नियम केला.

बीएसएच्या बाबतीत आणखी दोन गफलती वारंवार दिसतात. ठशातील पेटंटचे साल अनेक जण उत्पादनाचे साल समजतात. प्रत्यक्षात रायफल त्याआधीची नाही, एवढेच ते सांगते. तसेच १, २ किंवा ३ असा सुटा आकडा मॉडेलचा नसून नळीच्या व्यासाचा असतो: अनुक्रमे ०.१७७, ०.२२ आणि ०.२५ इंच.

क्रमांक नसलेल्या रायफलींनी आम्हाला अधिक शिकवले. जर्मनीतील रास्टाट येथे बनलेल्या युद्धोत्तर काळातील डायना रायफलींवर पुष्कळदा अनुक्रमांक सापडत नाही, पण ज्यात स्प्रिंग असते त्या नळकांड्याच्या मागच्या टोकाजवळ महिना आणि वर्ष यांचे बारीक आकडे कोरलेले असतात. हा ठसा मला कोणत्याही यादीपेक्षा विश्वासार्ह वाटतो. मात्र आधी ती रायफल रास्टाटचीच आहे ना, हे पाहावे लागते, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव ब्रिटनकडे गेले आणि मिलब्रो कंपनीने स्कॉटलंडमध्ये त्याच नावाने रायफली काढल्या. जर्मन रायफलीवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर असेल, तर ती सहसा १९७० किंवा त्यानंतरची धरता येते. अमेरिकन डेझी बंदुकांवर कारखान्याचा पत्ता उपयोगी पडतो: मिशिगनमधील प्लिमथ असेल तर १९५८ च्या स्थलांतरापूर्वीची, आर्कान्सामधील रॉजर्स असेल तर नंतरची.

वेब्ली सर्व्हिस मार्क २ सारख्या, नळी सहज काढता येणाऱ्या रायफलींत नळीवरच्या ठशावरून सगळ्या रायफलीचे वय ठरवणे धोक्याचे असते. अशा वेळी आम्ही नळी, नळकांडे आणि दस्ता यांच्या नोंदी वेगवेगळ्या करतो, आणि पुरावा अपुरा असल्यास एकच साल न देता कालखंड देतो. ग्राहकाला कधी कधी हे रुचत नाही, तरीही आम्ही त्यावर ठाम राहतो.

रायफल हाती येताच ती भरलेली किंवा ताणलेली नाही, याची खात्री करणे हे पहिले काम. मग मऊ ब्रश आणि थोडे तेल वापरून मळ काढायचा, तिरप्या प्रकाशात ठसा पाहायचा आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलीने त्याची प्रत उमटवायची. पॉलिश कागदाने घासून आणलेल्या रायफली पाहिल्या की फार हळहळ वाटते, कारण गंजाबरोबर अर्धा क्रमांकही गेलेला असतो. क्रमांक कानसीने मुद्दाम खोडलेला दिसला, तर आम्ही अहवाल देत नाही.

सध्या धाकटा भाऊ जुन्या वह्यांतील पेन्सिलीच्या प्रती मॉडेलनुसार लावत आहे. बीएसएच्या लावून झाल्या. डायनाच्या अजून व्हायच्या आहेत.