हिरवं पाणी

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या इंदिरानगरच्या घरात ऊन शिरतं आणि नेमकं फिशटँकवर येऊन बसतं. परवा त्या उन्हात मासे दिसेचनात. काचेपलीकडे नुसतं मुगाचं कढण. मधूनच एखादी नारिंगी शेपटी काचेशी यायची, वळली की गायब.

"सगळं पाणी बदलून टाक की," आई म्हणाली. येणारा-जाणारा हेच सांगतो. पण हे काचेवरचं शेवाळ नव्हे, खरवडलं की निघालं. हे पाण्यातच तरंगतं; एकेक पेशी इतकी बारीक की फिल्टरच्या स्पंजातून खुशाल आरपार जाते. पाणी बदललं की काच लख्ख, पण ऊन तेच, माशांची घाण तीच, की पुन्हा हिरवं. वर कुणी उत्साहाने स्पंज नळाखाली चोळला, तर क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणूही जातात.

खरं तर माशांची या हिरव्याबद्दल काही तक्रार नसते. गोल्डफिशची पिल्लं मुद्दाम अशा पाण्यात वाढवतात. त्रास होतो तो पाहुण्यांना. मला उलट दातांच्या दवाखान्यातल्या टाक्यांचा वैताग येतो. निळे खडे, उघडझाप करणारा प्लास्टिकचा शिंपला, आणि कुठेही गेला तरी दिसणारा बिचारा मासा.

जुन्या नाशकात आजोळच्या वाड्यात दगडी हौद होता. बारा महिने हिरवा. मलेरियावाले त्यात गप्पी मासे सोडून जायचे. आम्ही पोरं काठावर पालथी पडून नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकायचो. आधी काहीच नाही. मग डोळे सरावले की करड्या रेघा हलायला लागायच्या. गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, परतलेली आजी ओल्या लुगड्यानिशी ओरडायची, "मेल्यांनो, पडाल!" तो हौद कुणी उपसल्याचं मला आठवत नाही.

टाकीवर शेवटी जुनी चादर टाकली. तीन-चार दिवस मिट्ट अंधार, दिवा बंद, खाणं बंद. हवेचा पंप मात्र चालू, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात, हे आईला पटणं शक्य नव्हतं. रात्री बघतो तर चादरीचं टोक वर. "दोनच दाणे घातले रे."

दोन दाण्यांचं काही नाही. खरं खाणं पडतं ते गोदावरीत: शहरं सांडपाणी सोडतात, त्यावर पाणवेली माजतात. यंत्रं लावून काढतात, त्या पुन्हा येतात. पुरात वाहत जाऊन नाशिकच्या खालच्या अंगाला सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की पाण्याला वाट उरत नाही. चांदोरी-सायखेड्याची माणसं पावसाळ्यात रात्री झोपत तरी असतील का, कोण जाणे.