गाव किती खोल आहे?

आमच्या भूगोल विभागात पाहुण्यांचं व्याख्यान ठरलं की निम्मं काम कागदांचं असतं. पत्र, हजेरीपट, मानधनाचा फॉर्म आणि अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो. ते महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या फायलीत लागतात. भूगोलाच्या विभागात अक्षांश-रेखांश हल्ली मुख्यतः यासाठीच वापरले जातात, असं मी एकदा बोलून गेले आणि विभागप्रमुख हसले नाहीत.

त्या दिवशीचे पाहुणे निवृत्त भूवैज्ञानिक होते. विषय कोयनेचे भूकंप. संख्या दिसावी म्हणून दुसऱ्या वर्षाची मुलंही आणून बसवली होती. सर छान बोलले. 1962 मध्ये कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, भरायला सुरुवात झाली, पाठोपाठ धक्के जाणवू लागले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याचं वजन आणि खडकांच्या भेगांतून खोलवर पोचणारा त्याचा दाब, दोन्हींचा हिशोब त्यांनी फळ्यावर मांडला. कोयना भागातल्या गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटरवर काळा बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइट लागला, हे ऐकून मागचा बाकही मोबाइल ठेवून वर बघायला लागला.

प्रश्नांच्या वेळी नेहमीची शांतता. आभार मानायला मी उठणार, तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहतीतली. एरवी वर्गात हजेरीपुरतीच बोलणारी.

"सर, आमचं जुनं गाव पाण्यात किती खोल आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "धरणाआधीची टोपोशीट, उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, आहे का तुमच्याकडे?"

होती. एका इंचाला एक मैल प्रमाणाची, कापडावर चिकटवलेली, घड्यांवर फाटलेली. कपाटाची किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली. तोवर अर्धे विद्यार्थी चहाला पळाले. नकाशा टेबलावर पसरला. त्यावर शिवसागर नव्हताच. महाबळेश्वराकडून दक्षिणेला उतरणारी कोयनेची बारीक निळी रेघ, आणि दोन्ही काठांना गावं.

गाव तिलाच सापडलं. सरांनी भिंग तिच्या हातात दिलं. "समोच्च रेषा वाच, बाळ. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे आकडे फुटांत आहेत."

"खालची 2,050, सर. वरची 2,100."

"धरण पूर्ण भरलं की पाणी 2,163.5 फुटांवर. कर वजाबाकी."

तिने हजेरीपटाच्याच मागे केली. कमीत कमी 63.5 फूट, जास्तीत जास्त 113.5. समोच्च रेषा आम्ही दर वर्षी शिकवतो, प्रात्यक्षिकाच्या वहीत त्या काढून घेतो आणि सही करतो. त्यांच्यावरून असली वजाबाकी मी कधी करून घेतली नव्हती.

तिने तिथूनच आजोबांना फोन लावला, स्पीकरवर. आकडा ऐकून ते म्हणाले, "असंल. मे महिन्यात पाणी लई उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो." मग जरा थांबून म्हणाले, "गावाच्या वरच्या अंगाला वढा दाखवलाय का?"

ती वाकली. भिंग सरकवलं.

"आहे, आबा. दोन फाटे आहेत त्याला."

"मग आपलंच हाय."