पडसं झालेला पाद्री

परवा रात्री झोप येईना म्हणून दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'विंटर लाइट' परत लावला. पहिल्यांदा लावला होता तेव्हा खरं सांगायचं तर वीस मिनिटांत बंद केला होता, कारण होतं काय त्यात, एक पाद्री, चर्चमध्ये मोजकी डोकी आणि पाद्रीबुवा सर्दीने बेजार. 1963 चा स्वीडिश पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम 81 मिनिटांचा, तरी तेव्हा ती वीस मिनिटंही संपता संपेनात.

यावेळी मात्र त्या सर्दीनेच धरून ठेवलं. देव आहे की नाही या प्रश्नाने माणूस आतून पोखरलाय आणि वर नाक गळतंय, अंगात कणकण आहे. एरवी सिनेमात श्रद्धा डळमळली की लगेच वादळ, विजा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत चमत्कार. मला त्या चमत्काराचा भयंकर राग येतो, दोन तास माणसाला रडवलंत आणि मग वरून लिफ्ट पाठवल्यासारखा देव पाठवता, मग ते रडणं कशासाठी होतं?

तर या पाद्र्याकडे, तोमासकडे, योनास नावाचा एक कोळी येतो, म्हणजे त्याची बायकोच त्याला घेऊन येते. चीनकडे अणुबॉम्ब येणार हे वाचल्यापासून या माणसाचं कशातच लक्ष नाहीये. आता पाद्र्याने धीर द्यायचा ना, तर हा स्वतःचंच रडगाणं सुरू करतो, माझाच देवावर विश्वास उरला नाही वगैरे. योनास ऐकतो आणि निघून जातो, आणि थोड्या वेळाने बातमी येते की त्याने नदीकाठी स्वतःला गोळी घातली. पुढचा सीन मी दोनदा मागे घेऊन पाहिला. प्रेत पडलंय, पाद्री शेजारी उभा, कॅमेरा लांब आणि पाण्याचा इतका आवाज की कोण काय बोलतंय ते कळतच नाही. म्युझिक नाही की क्लोजअप नाही. प्रार्थना केली असेल तरी आपल्याला ऐकू येणार नाही, आणि कदाचित वरही नाही.

हे बघताना मला सारखं एन्डोचं 'सायलेन्स' आठवत होतं, 1966 ची जपानी कादंबरी, 2016 मध्ये स्कोर्सेसीने त्यावर पिक्चर केला. सतराव्या शतकातला जपान, ख्रिश्चन धर्मावर बंदी, पकडलेला एक पोर्तुगीज पाद्री अंधाऱ्या कोठडीत पडलाय. बाहेरून कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो आणि तो चिडतो, की इथे माझी ही दशा आणि पहारेकरी मजेत झोपलाय. मग कळतं की ते घोरणं नाही, खड्ड्यात उलटे टांगलेल्या ख्रिश्चनांचं कण्हणं आहे. पुस्तक मिटून ठेवलं होतं मी तिथे. देव गप्प आहे म्हणून तक्रार करणाऱ्याला शेजारचा माणूसच नीट ऐकू आला नाही, याच्यापुढे मोठमोठे तात्त्विक संवाद मला तरी फिके वाटतात.

आणि मग तुकोबा, ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल.' किती सरळ! कोणाच्या लेखी असेल त्याच्या लेखी असो, माझ्यापुरता मेला. पण पुढची ओळ बघा, 'गोष्टी न करीं नांव नेघें, गेलों दोघें खंडोनी.' नाव घेणार नाही म्हणतात आणि अभंग लिहितात त्याच्यावरच! त्यातला 'दोघें' हा शब्द मला फार आवडतो. मेलेल्याशी कोण कट्टी करतं, कट्टी करायला समोर कोणीतरी लागतं, निदान होतं असं तरी वाटावं लागतं. पक्क्या नास्तिकाला हा अभंग सुचणार नाही आणि सगळं आलबेल असलेल्या भक्ताला तर नाहीच नाही.

'विंटर लाइट'चा शेवट मला आधी क्षणभर नुसता थंड वाटला. दुपारी दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थना आहे आणि आलंय कोण, तर बाकावर एकटी मार्टा, तोमासवर जीव लावून बसलेली, आणि ती तर देव मानतच नाही. प्रार्थना घ्यायची की सगळ्यांना घरी पाठवायचं? तोमास उठतो आणि सुरू करतो, पवित्र, पवित्र, पवित्र. संपला पिक्चर.

हा शेवट बर्गमनला वडिलांमुळे सुचला, ते स्वतः पाद्री होते. दोघं एकदा एका लहानशा चर्चमध्ये बसले असताना तिथल्या पाद्र्याने सांगितलं की तब्येत बरी नाही, आज थोडक्यात आटपतो. म्हातारे वडील रागाने उठले, आत गेले आणि मग पूर्ण विधी झालाच, त्यात ते स्वतःही उभे राहिले.