चेन लावता येत नाही म्हणून

माझ्या भाचीच्या फोनमध्ये 'इन्स्पिरेशन' नावाचा एक फोल्डर आहे आणि तो बघायला बसलं की संपतच नाही. फॅशन शोमधले फोटो, रस्त्यावरून चाललेल्या कुणाचा तरी कोट, जुन्या सिनेमातल्या कुठल्याशा हिरॉइनची कॉलर, इथपर्यंत ठीक आहे, पण मधेच गंजलेलं पत्र्याचं दार येतं, मग कबुतराची मान येते. "मावशी, हा हिरवा बघ ना, आणि लगेच त्याला चिकटून हा जांभळा, कुणाची हिंमत होईल का असं घालायची?" मी बघते. खरंच भारी असतं. पण गंमत अशी की ती आजवर कबुतराच्या रंगाचं काहीही शिवलेली नाहीये, आणि तरीही तिचा कपडा दुरून बघून मी सांगू शकते की हा हिचाच.

माझं मत विचाराल तर हिची स्टाईल त्या फोल्डरमधून आलीच नाही. ती आलीये हिला चेन लावता येत नाही त्यातून.

ज्यांनी कधी मशीनवर चेन लावलीये त्यांना कळेल मी काय म्हणतेय. दोन्ही बाजूंचं कापड अगदी सारखं सरकायला लागतं, एक बाजू जराशी जरी ओढली गेली की ती लांब होते आणि मग वर कंबरेची पट्टी एकीकडे उंच एकीकडे खाली, शिवाय मधे कापड फुगतं ते वेगळंच. आधी हाताने कच्चे टाके घालून घे म्हटलं तर पोरीला धीर नाही. मग तिने काय केलं, तर चेनच काढून टाकली. सगळं रॅप. स्कर्ट गुंडाळायचा नि बाजूला गाठ मारायची, टॉपला पुढे दोन नाड्या, अगदी पॅन्टसुद्धा मागून पुढे आणून बांधायची. सुरुवातीला ही पळवाट होती, आता मैत्रिणी येऊन "तुझ्यासारखी ती गाठवाली एक शिवून दे ना" म्हणतात. आणि गाठीचा विचार सतत केल्यामुळे तिला गाठीतलं इतकं कळायला लागलंय की बास, कुठल्या कापडाची गाठ सुटते, कुठल्याची बोंगा होऊन बसते, नाडी सरळ कापली तर कशी पडते आणि क्रॉसमध्ये, म्हणजे धाग्याला तिरकी, कापली तर कशी लोंबते, हे ती हाताला कापड लागल्या लागल्या सांगते.

हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती जरा फुगली, कारण 'येत नाही म्हणून' हे शब्द कुणाला आवडतात. मग तीच दुसऱ्या दिवशी मला रेई कावाकुबोची गोष्ट सांगायला आली. कॉम दे गार्सों हा फॅशन ब्रँड उभा करणारी ही जपानी बाई फॅशन शिकलेलीच नाही, कॉलेजात कला आणि साहित्य, नंतर एका कापड कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी, मग स्टायलिस्ट म्हणून काम करताना फोटोसाठी हवे तसे कपडे मिळेनात म्हणून स्वतःच करायला लागली. १९८१ मध्ये पॅरिसला पहिला शो, आणि पुढच्याच वर्षी तो भोकं भोकं असलेला काळा स्वेटर. विणायच्या मशीनचे स्क्रू सैल करून मुद्दाम टाके चुकवलेले. मशीन बिघडवून! भाचीचं म्हणणं, रीतसर शिकलेल्या माणसाला स्क्रू घट्ट करायचाच सुचला असता. मला हे अगदी शंभर टक्के पटत नाही, शिकलेली माणसंही उद्योग करतातच, पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी वाद घातला नाही.

दुसरी तिची लाडकी डिझायनर एल्सा स्कियापरेली. तिचा नाव गाजवणारा १९२७ चा स्वेटर, काळ्यावर पांढरा बो, जो खरा बांधलेला नाहीच, विणीतच काढलेला. आणि हा स्वेटर तिने विणलेला पण नाही. एका बाईच्या अंगावर वेगळ्याच विणीचा स्वेटर दिसला, कुणी विणला म्हणून चौकशी केली, विणणारी आर्मेनियन बाई शोधून काढली आणि कागदावर बो काढून दिला, हा असा विणून दे. मला यातली चौकशी फार आवडते. आपण फोटो सेव्ह करतो आणि पुढे जातो. कुणी केलं, कसं केलं, हे विचारायला थांबावं लागतं, आणि स्क्रीनवर थांबायची सोयच नाही, एक ढगळ ब्लेझर लाइक केला की पुढे नुसते ब्लेझरच ब्लेझर येत राहतात आणि थोड्या दिवसांनी आपल्याला वाटायला लागतं की ब्लेझर हीच आपली आवड. परत प्रत्येकाला एक नाव दिलेलं असतं, अमुक कोअर नि तमुक कोअर, म्हणजे कपडा घालायच्या आधी तुम्ही कुठल्या टोळीतले ते ठरवा.

त्यापेक्षा तिने तिच्या बाबांचा टाकायला काढलेला शर्ट उसवला तो दिवस मला फोल्डरपेक्षा जास्त कामाचा वाटतो. पूर्ण उसवला, कॉलरसकट. जमिनीवर सगळे तुकडे मांडल्यावर मी पण बघत बसले, कारण आयुष्यभर शर्ट बघूनही आत काय असतं ते मी पाहिलंच नव्हतं. कॉलरच्या आत कडक कॅनव्हास, टोकाशी शिवणीचं कापड तिरकं छाटलेलं, नाहीतर उलटवल्यावर टोक जाड आणि बोथट होतं. खांद्यावरचा मागचा तुकडा दुहेरी, शिवणी सगळ्या त्या दोहोंच्या मधे लपवलेल्या. मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई, पुढून जास्त खोल आणि मागून कमी. "हात पुढे जातात ना मावशी, मागे कुठे जातात, म्हणून मागे कापड जास्त ठेवतात." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, दोन तुकडे एकावर एक ठेवून तिचं तिलाच दिसलं. मग त्याच तुकड्यांवरून कागद कापून तिने पहिली बाही बसवली, ती बसली, आणि दिवसभर हात वर-खाली करून सगळ्यांना दाखवत फिरली.

पूर्ण घेराच्या स्कर्टचं पण असंच. गणित सोपं, कमरेचा घेर भागिले ६.२८, म्हणजे ६६ सेंटिमीटर कंबर असेल तर साडेदहाची त्रिज्या, गोल काढा आणि कापा. पण गोलात कापलेलं कापड सगळीकडे सारखं नसतं, काही ठिकाणी उभा धागा खाली येतो आणि काही ठिकाणी तिरका, आणि तिरका भाग स्वतःच्या वजनाने ओघळतो. म्हणून असा स्कर्ट निदान रात्रभर टांगून ठेवतात आणि मगच खालची कड समान कापून दुमडतात. टांगलेला असताना हिने सकाळी उठून टेप लावून बघितलं, खरंच कड वाकडी झालेली, आणि हिचा चेहरा असा की जणू कापडाने रात्रीतून काहीतरी केलं आणि हिला पकडता आलं. मादलेन व्हिओने नावाची फ्रेंच डिझायनर हीच ओढ धरून आख्खे ड्रेस क्रॉसमध्ये कापायची, आणि आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड पाडून बघायची. हे कळल्यापासून आमच्याकडे एका जुन्या बाहुलीला चांगले दिवस आलेत, रोज नवीन ड्रेस. कापड थोडं लागतं, चुकलं तर रडू येत नाही.

आता एवढं सगळं झाल्यावर बाईंना चेन लावता यायला लागलीये. कच्चे टाके घालून, गुपचूप बसून, नीट. मला वाटलं आता गाठी संपल्या. तर नाही, चेन लावलेला एकच स्कर्ट झाला, तो छान फिट आहे, आणि तो ती घालतच नाही. म्हणाली, "यात मी दुकानातली दिसते."

सध्या डोक्यात खिशाचं खूळ आहे. मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर तिचं भाषण मी इथे देत नाही, तुम्हाला पाठच असेल. पण अठराव्या शतकात युरोपातल्या बायका खिसे वेगळे शिवून नाडीने कमरेला बांधायच्या, घागऱ्याच्या आत, आणि वरच्या कपड्याच्या फटीतून हात घालून सामान काढायच्या, हे तिने कुठेतरी बघितलं आणि नाडी म्हटल्यावर विषयच संपला. खिसा शिवून तयार आहे, फोन, चाव्या, टेप आणि खडू सगळं मावतं. फक्त तिला तो आत नाही, बाहेर बांधायचाय, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्याच्यावर जांभळ्या-हिरव्याचं काहीतरी करायचंय. ताई म्हणते पोस्टमन दिसशील. मी म्हटलं आधी बाहुलीला बांधून बघ.