उन्हाळ्यात बिअर लावू का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो. "गरमी वाढलीय, घरी बिअर लावू का? लावली तर माल्ट कोणतं, हॉप्स कोणते?" (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं.) मी सांगतो, आधी यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारं किण्व, ठरवा. समोरचा म्हणतो, ते आहे हो पुडीतलं, तुम्ही हॉप्सचं सांगा. मी गप्प बसतो आणि मग मी तुसडा आहे, माहिती लपवतो, असं माझ्यामागे बोललं जातं. आज एकदाचं सगळं सांगतो. पुन्हा विचारू नका. (विचाराल, माहीत आहे.)

या प्रश्नावर माझं वाकडं तोंड होतं त्याला एक कारण आहे. दादाच्या निवृत्तीसाठी मी 20 लिटर बिअर लावली होती. ऐन उन्हाळ्यात. मी काही तेव्हा नवखा नव्हतो. दहा-बारा बॅच झाल्या होत्या, सगळ्या बऱ्या निघाल्या होत्या. त्या सगळ्या थंडीतल्या होत्या, एवढं मात्र डोक्यात आलं नाही. सामान निवडण्यात मी पंधरा दिवस घालवले. पिल्सनर माल्ट, थोडं गहू माल्ट, रंगासाठी क्रिस्टल, शेवटच्या दहा मिनिटांत घालायला साझ हॉप्स. यीस्ट? फ्रिजच्या दारात एक पुडी पडली होती, तीच.

उकळणं संपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा. गरम वर्टमध्ये (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) तांब्याची नळी सोडून नळाचं पाणी फिरवायला लागलो, पण उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट. वर्ट 33 अंशांवर येऊन अडकलं ते अडकलंच. बर्फ संपला होता. पुडीवर 18 ते 22 अंश असं स्वच्छ छापलेलं. मी ते वाचलं. वाचून पुडी फाडली आणि आत ओतली. म्हटलं, सकाळपर्यंत उतरेल.

उतरायचं कसं? यीस्ट साखर खाताना स्वतःच उष्णता सोडतं. आंबणं जोरात असतं तेव्हा फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवायच्या भांड्याच्या, आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर असतं. सकाळी एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) घोड्यासारखा उधळला होता आणि मी खूश होऊन घरातल्या सगळ्यांना तो दाखवत होतो. दोन दिवसांत सगळं शांत. साखर किती उरली ते दाखवणारा हायड्रोमीटर 1.050 वरून 1.010 वर. कागदावर बिअर अगदी उत्तम.

निवृत्तीच्या दिवशी पहिला ग्लास दादाला दिला. फेस छान, रंग मधासारखा. त्याने ग्लास नाकाजवळ नेला, क्षणभर थांबला, मग घोट घेतला. माझा ग्लास तोंडाशी आला तेव्हा मला कळलं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास, त्याच्यामागे अति पिकलेलं केळं, आणि घशाखाली उतरताना चटका. दादा काही बोलला नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या म्हणून असेल, पण त्याने तो ग्लास पूर्ण संपवला. सावकाश, एकेक घोट, औषध घ्यावं तसा. बाकीच्यांचे ग्लास टेबलावर भरलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, यांचं डोकं धरलंय, काही नाही, जागरण झालं.

मी काय केलं? दोष गरम वर्टमध्ये ओतलेल्या यीस्टचा होता, पण माल्ट जुनं होतं, असं सांगत सुटलो. ज्याने विचारलं त्याला तेच. तीन वर्षं. माल्टला बिचाऱ्याला तोंड नाही.

तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो, "मग सामानाला काही किंमतच नाही का?" 1516 सालचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा तो बिअरच्या शुद्धतेचा कायदा मी सगळ्यांना ऐकवायचो: जव, हॉप्स, पाणी, बस्स. त्या यादीत यीस्ट नाही, हे ऐकवताना मला कधी खटकलं नाही. आणि त्याच बव्हेरियात 1553 साली हुकूम निघाला की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायचीच नाही. फ्रिज नव्हते तेव्हा लोक उन्हाळ्यात कशी करत होते, असं विचारता ना? तिथे करतच नव्हते. मार्चमध्ये करून तळघरात ठेवत.

हॉप्सचं विचारलंत, तेही सांगतो. फ्रीझरमध्ये हवाबंद ठेवा, उन्हाळ्यात बाहेर राहिले तर चीजचा वास धरतात. माल्ट दळून आणू नका, लागेल तेव्हाच दळा. गोडसर क्रिस्टल माल्ट कमी करा. गरमीत यीस्ट फळांचे वास सोडतं, त्यावर गोडवा आला की घोट जड होतो. झालं, एवढंच.

आता यीस्ट. खोली थंड ठेवता येत नसेल तर उकाडा मानवणारं घ्या. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वेइक नावाचं यीस्ट 35 अंशांतही मजेत काम करतं. ते लोक यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेसाठी ठेवायचे. हलक्या बिअरमध्ये मात्र त्याला यीस्टचं खाद्य वरून घालावं लागतं, नाहीतर रेंगाळतं. किंवा सेझॉन या बेल्जियन बिअरचं यीस्ट. त्यातली काही वाणं बाटलीतही साखर खात बसतात, तेव्हा हायड्रोमीटर दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत. नेहमीचंच यीस्ट हवं असेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, ओलं फडकं गुंडाळा, पंखा लावा, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदला. पहिले तीन दिवस सांभाळले की पुढे थोडं चढलं तरी बिघडत नाही.

हे सगळं कळूनही मी समाधानी आहे का? नाही. क्वेइकची बिअर स्वच्छ निघते, पण माझ्याकडचं वाण दरवेळी संत्र्याकडे झुकतं. बायको म्हणते, तुझा उन्हाळा एकाच चवीचा झालाय. टबातली बिअर मला जास्त आवडते, पण पहाटे उठून बर्फ बदलताना वाटतं, बव्हेरियावाले शहाणे होते.

मागच्या महिन्यात दादाला खरं सांगितलं. माल्ट नाही, माझी घाई होती, पुडीवर छापलेलं वाचूनही ओतलं. तो म्हणाला, "अस्सं होय? मला वाटलं घरची बिअर अशीच लागते." तेव्हा कुठे कळलं, इतकी वर्षं प्रत्येक बाटलीला तो "पोट बरं नाही" का म्हणायचा. त्याच्यासाठी दोन बाटल्या बाजूला ठेवल्यात. अजून नेऊन दिलेल्या नाहीत.