टायरचा ठसा: 25 की 32?

गेल्या नोंदीत सायकलचे 25 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 32चे चढवले, इथवर आलो होतो. त्यामागे होता ठाण्याचा घोडबंदर रोड. माजिवड्याच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मागचं चाक धपकन बसलं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली, साप चावल्यासारखी. खड्ड्याला शिव्या घातल्या, पण निम्मी चूक माझीच. "हवा कमी ठेव, गादीसारखी चालेल" हे ऐकून बारीक टायरात 50 पीएसआयच (दर चौरस इंचाला 50 पौंड दाब) भरली होती.

नवे टायर बघून येऊरच्या चढावर आमच्यातला एक जण म्हणाला, "रुंद टायर रस्त्याला जास्त टेकणार, दम निघेल तुझा." मलाही तसंच वाटायचं. पण शाळेतलं सूत्र आठवा: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. वजन तेच, आतल्या हवेचा दाब तोच, तर टेकलेलं क्षेत्रफळही तेच यायला हवं. रुंदीचा यात संबंधच कुठे आला?

रविवारी मोजूनच टाकलं. मागच्या चाकाखाली वजनकाटा, पुढच्याखाली तेवढ्याच उंचीची रद्दी, मी सीटवर. लेकीने आकडा वाचला: 48 किलो. मग अदलाबदल करून पुढचं चाक: 35.

दोन्ही टायरांत हवा 70 पीएसआय धरली. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 4.9 किलो. 48ला 4.9ने भागलं की पावणेदहा चौरस सेंटिमीटर. (हवा मोजायचा गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचा वेगळा हिशेब नको.)

आता ठसा. टायरला स्टॅम्पपॅडची शाई चोपडली, चाक आलेख कागदावर टेकवलं आणि हळूच बसलो. पहिला ठसा फिसकटला. "बाबा, हलू नको ना!" दुसरा नीट उमटला: दोन्ही टोकांना निमुळता, मोठ्या भेंडीएवढा. 25चा लांबट, 8 सेंटिमीटर लांब आणि दीड रुंद. 32चा साडेसात लांब, पण जरा पसरट. चौकोन मोजले तर दोन्ही सव्वानऊच्या आसपास! हिशेबापेक्षा थोडे कमी, कारण टायरची भिंतही काही भार उचलते. सगळा हवेवर येत नाही.

म्हणजे रुंदीने ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ नाही. रुंद टायरचा खरा फायदा वेगळाच आहे: रिम जमिनीपासून जास्त वर असते, म्हणून हवा कमी केली तरी खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटत नाही. 32मध्ये 50 पीएसआय भरून पुन्हा ठसा घेतला, तेरा चौरस सेंटिमीटर भरला. हिशेबाने पावणेचौदा.

पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून तिथे आणखी कमी हवा चालेल असं सूत्र म्हणतं. 35 किलोला मागच्याएवढाच ठसा हवा तर 36 पीएसआय पुरेत. पण येऊर उतरताना ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, तेव्हा 36 ठेवायची माझी छाती नाही. पुढे 45, मागे 50. दोन आठवडे झाले, उपवन ते येऊर सहा फेऱ्या, पंक्चर नाही. चढाला दमही पूर्वीइतकाच लागतो.

आता मागे 45 करून बघायचंय. पण ठसा घ्यायला या वेळी गच्चीवर जावं लागेल, बाल्कनीतल्या फरशीवरची निळी भेंडी अजून निघालेली नाही.